रुग्णवाहिकेतील माणूस : गणवेश आणि विश्वास

रस्त्यावर अपघात घडतो, शेतात राबणाऱ्या माणसाला सर्पदंश होतो किंवा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या छातीत एकाएकी कळ येते. अशा वेळी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा असतो, हे आता खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. दूरध्वनी गेल्यावर पांढरी गाडी येऊन उभी राहते व तिच्यातून दोन माणसे खाली उतरतात. ही माणसे कोण, त्यांचे शिक्षण काय, त्यांना कोणते उपचार करता येतात आणि त्यांच्या सूचना का पाळावयाच्या, या गोष्टी मात्र अद्यापि फार थोड्यांना माहीत असतात. गाडी आली म्हणजे ड्रायव्हर आला, एवढेच बहुतेकांच्या मनात येते.

ही समजूत वरवर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिचा भुर्दंड पुष्कळदा रुग्णालाच सोसावा लागतो. मानेला मार बसलेल्या माणसाला हलवू नका, असे तंत्रज्ञ सांगत असतो आणि त्याला नुसता गाडीवाला समजणारे चार जण त्या माणसाला हातापायांना धरून उचलत असतात. मणका दुखावलेला असल्यास अशा ओढाताणीने आतील मज्जारज्जूला इजा पोहोचते आणि बरा होऊ शकला असता असा माणूस जन्माचा पांगळा होतो. हेतू चांगला, मदतीची इच्छाही खरी. परंतु कोणाचे ऐकावयाचे हे ठरत नाही म्हणून अनर्थ ओढवतो. आपत्कालीन रुग्णसेवकाचा वेश, त्याचे वागणे आणि लोकांच्या मनातील त्याची प्रतिमा हा म्हणूनच दिखाऊपणाचा प्रश्न नाही. तो उपचाराचाच एक भाग आहे.

दोन माणसे, दोन जबाबदाऱ्या

एका दूरध्वनी क्रमांकावर चालणारी ही आपत्कालीन सेवा हैदराबाद येथे १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. त्यानंतर गुजरातमध्ये २००७ साली, गोवा व कर्नाटक येथे २००८ साली, मध्य प्रदेशात २००९ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली ती चालू झाली. त्यामुळे पणजी, बेळगाव, बडोदे, इंदूर वा हैदराबाद यांपैकी कोठेही वस्ती करून असलेल्या मराठी कुटुंबाला संकटकाळी एकच क्रमांक लक्षात ठेवावा लागतो.

तत्पूर्वी रुग्णवाहिका नव्हत्या असे नाही. परंतु त्यांतील बहुतेक गाड्या म्हणजे रुग्णाला आडवे झोपवून नेण्याची सोय असलेली वाहने होती. चालक पुढे एकटा असे, मागे नातेवाईक बसत आणि उपचाराला प्रारंभ होई तो इस्पितळाच्या दारात. नव्या व्यवस्थेने उपचार इस्पितळाच्या दारातून रुग्णाच्या दारात आणला. हा बदल गाडीमुळे झाला नाही. गाडीच्या मागील भागात बसणाऱ्या माणसामुळे झाला.

गाडीतील दोघांपैकी एक वाहनचालक असतो. या सेवेत त्याला 'पायलट' म्हणतात. गाडी वेगाने परंतु सुरक्षित नेणे, स्ट्रेचर हाताळणे व प्रथमोपचारास साहाय्य करणे ही त्याची कामे होत. दुसरी व्यक्ती म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. तिला थोडक्यात 'ईएमटी' असे म्हणतात. रुग्णाचा श्वास व नाडी तपासणे, रक्तदाब व रक्तातील साखर मोजणे, प्राणवायू देणे, रक्तस्राव थांबविणे, मोडलेल्या हाडाला आधार बांधणे, हृदय बंद पडल्यास छातीवर ठराविक पद्धतीने दाब देणे आणि वेळ आल्यास वाटेतच बाळंतपण सुखरूप पार पाडणे, या सर्वांचे शिक्षण तंत्रज्ञास मिळालेले असते. औषधाचा वा पुढील उपचाराचा निर्णय आवश्यक झाल्यास तंत्रज्ञ सेवेच्या केंद्रातील डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून त्यांच्या सूचना घेतो. रुग्ण तळमळत असताना हा माणूस फोनवर कसला बोलत बसला आहे, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. वस्तुतः त्या वेळी तो दूर बसलेल्या डॉक्टरला रुग्णाच्या उशाशी आणीत असतो.

या व्यवसायाला कायद्यानेही ओळख दिली आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या परिशिष्टातील व्यवसायांत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचाही समावेश आहे. कायद्याने दिलेली ओळख लोकांच्या मनात उतरावयास मात्र वेळ लागतो आणि तेथेच गणवेशाचे काम सुरू होते.

गणवेशातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे

गणवेशाचा रंग राज्याराज्यांत व सेवासेवांत वेगवेगळा असतो. रंग कोणताही असो, गणवेशाचे पहिले काम म्हणजे गर्दीत ओळख पटविणे. अपघाताच्या जागी पंधरावीस माणसे जमलेली असतात, प्रत्येक जण काही ना काही सांगत असतो. अशा गोंधळात ज्याच्याकडे सर्वांनी पाहावे असा माणूस एका दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे. तो दिसला, की गर्दी आपोआप बाजूला होते आणि सूचना देणारा एकच राहतो.

अंगरख्यावर वा जाकिटावर असणाऱ्या चकाकत्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. त्या पट्ट्यांत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लहान लहान लोलक बसविलेले असतात. साधा कापडी पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखरून टाकतो. हे मणी मात्र प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात. त्यामुळे काळोखात येणाऱ्या मोटारीच्या दिव्याचा प्रकाश त्या मोटारीच्या चालकाच्याच डोळ्यांत परततो आणि रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला रुग्णसेवक त्याला बऱ्याच अंतरावरून दिसतो. पावसाळ्यातील रात्री, वळणाच्या रस्त्यावर, या पट्टीवर दोन जीव अवलंबून असतात : एक रुग्णाचा व दुसरा सेवकाचा.

पायांतील बूट जाड तळव्याचे असतात, कारण फुटलेल्या काचा, सांडलेले तेल आणि शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या यांवरून स्ट्रेचर उचलून चालावयाचे असते. खिशातील कात्रीची टोके बोथट असतात. जखमेवरील कपडा कापताना कातडीला इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू होय. चांगले कपडे का कापता, म्हणून काही ठिकाणी हुज्जत घातली जाते. परंतु मोडलेल्या हातातून सदरा ओढून काढण्यापेक्षा तो कापणे रुग्णाच्या दृष्टीने कितीतरी हिताचे असते.

बाह्या आखूड असाव्यात, नखे कापलेली असावीत, बोटांत अंगठ्या नसाव्यात, केस बांधलेले असावेत, हे नियमही टापटिपीपुरते नाहीत. अंगठीखाली व नखांत जंतू साचून राहतात, अंगठीच्या कंगोऱ्याने हातमोजा फाटतो आणि लांब बाही एका रुग्णाचे रक्त दुसऱ्या रुग्णापर्यंत नेऊ शकते. ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांत कोपरापासून खाली हात उघडे ठेवावेत, असा दंडक २००७ च्या सुमारास याच कारणाने घालण्यात आला.

छातीवरील नावाची पट्टी ही सर्वांत लहान वस्तू. परंतु तिचे मोल मोठे आहे. ब्रिटनमधील केट ग्रेंजर या डॉक्टर महिला स्वतः कर्करोगाने आजारी पडल्या. इस्पितळात खाटेवर पडून असताना आपल्यावर उपचार करणारे अनेक जण आपले नावसुद्धा सांगत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. २०१३ मध्ये त्यांनी प्रत्येक आरोग्यसेवकाने रुग्णाला प्रथम स्वतःचे नाव सांगावे, अशी मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, पण ती प्रथा त्यांच्यामागे अनेक देशांत पोहोचली. नाव सांगितल्याने आजार बरा होत नाही. तथापि आपण कोणाच्या हाती आहोत हे कळल्याने भीती कमी होते, आणि भीती कमी झालेला रुग्ण विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरे देतो.

हातमोजे आणि जुन्या जखमा

आपल्या समाजात एक अडचण अशी आहे, की जिचा उल्लेख सहसा केला जात नाही. शरीराला स्पर्श करणे, रक्त, ओकारी, मलमूत्र साफ करणे, प्रेत उचलणे ही कामे शतकानुशतके काही जातींवर लादण्यात आली आणि त्या कामांबरोबर त्यांच्यावर कमीपणाचा शिक्काही मारण्यात आला. रुग्णवाहिकेतील माणूस नेमकी हीच कामे करतो. त्याच्याकडे पाहताना त्या जुन्या दृष्टीचा अंश नकळत डोकावतो. 'उचला रे याला' असा हुकूम त्याला केला जातो, त्याने विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाही.

याच दृष्टीची दुसरी बाजूही आहे. सेवकाने हातमोजे घातलेले व तोंडावर मुखपट्टी बांधलेली पाहून काही कुटुंबांना अपमान वाटतो. आम्हांला शिवावयास याला किळस येते, असा अर्थ त्यातून काढला जातो. ज्यांच्या वाडवडिलांनी अस्पृश्यता सोसली त्यांना तसे वाटले तर त्यात नवल नाही. म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की हातमोजा हा रुग्ण कोण आहे हे पाहून घातला जात नाही. तो प्रत्येक रुग्णासाठी घालावयाचा असतो व प्रत्येक रुग्णानंतर टाकून द्यावयाचा असतो. आधीच्या रुग्णाचा रोग पुढच्या रुग्णाला होऊ नये, यासाठी तो जितका आवश्यक असतो तितकाच सेवकाच्या बचावासाठीही असतो. मंत्री असो वा मजूर, मोजा तोच. शाळेतील शिक्षकांनी एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून दिली तरी अनेक घरांतील गैरसमज दूर होतील.

तंत्रज्ञ स्त्री असल्यास आणखी एक अनुभव येतो. प्रश्न ती विचारते आणि नातेवाईक उत्तर देतात ते पुरुष वाहनचालकाकडे पाहून. वाहनचालकाला मग तेच उत्तर तिला पुन्हा सांगावे लागते. यात जाणारा वेळ थोडा असतो. पण श्वास अडकलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढाच वेळ हाताशी असतो.

गणवेशाची धास्ती : १८९७ चा अनुभव

गणवेश पाहून धीर येतो, तसा थरकापही होतो. याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेले जाऊ लागताच तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती पसरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या प्लेग समितीने घरोघर झडती घेण्यासाठी गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या लावल्या. देवघरात, माजघरात बूट घालून शिरणारे हे गणवेशधारी लोकांना वैद्यकीय मदतनीस वाटणे शक्यच नव्हते. लोक रोगी लपवू लागले. रोग लपला म्हणजे तो पसरतो, हे सांगावयास नको. या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला.

त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याजवळच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंगावर कोणताही गणवेश नव्हता. त्यांना गणवेशाची गरजही नव्हती, कारण अर्ध्या शतकाच्या कार्याने लोक त्यांना ओळखत होते.

या दोन उदाहरणांतून निघणारा बोध सरळ आहे. कापडाला स्वतःची प्रतिष्ठा नसते. ते अंगावर घालणारे जसे वागतात तसा अर्थ लोक त्या कापडाला देतात. एकदा भीतीचा अर्थ चिकटला, की तो पुसून काढण्यास पुढच्या पिढीतील सेवकांना झटावे लागते.

२०२० मधील पांढरे पोशाख

करोनाच्या साथीत या इतिहासाची आठवण पुन्हा झाली. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पांढरा पोशाख, डोळ्यांवर चश्मा व तोंडावर मुखपट्टी अशा वेशात आलेले सेवक ओळखू येत नव्हते. चेहरा दिसत नव्हता, आवाजही घुसमटलेला येई. हे आपल्या माणसाला कोठे नेणार, तो परत दिसणार की नाही, या धास्तीने अनेक वस्त्यांत दारे बंद झाली. १ एप्रिल २०२० रोजी इंदूर शहरातील एका वस्तीत तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर जमावाने दगडफेक केली. पथकातील महिला डॉक्टर जखमी झाल्या आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्या त्याच कामावर रुजू झाल्या. त्या घटनेची देशभर चर्चा झाली.

२२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने १८९७ च्याच कायद्यात वटहुकुमाद्वारे दुरुस्ती केली आणि साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास ३ महिने ते ५ वर्षे, व गंभीर दुखापत केल्यास ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद केली. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने या दुरुस्तीला कायद्याचे रूप दिले. जो कायदा एके काळी लोकांना जाचक वाटला त्याच कायद्याने १२३ वर्षांनी सेवकांना संरक्षण दिले.

तथापि केवळ कायद्याने विश्वास निर्माण होत नाही. आफ्रिकेतील लायबेरिया या देशात इबोलाच्या साथीच्या वेळी सेवकांनी आपले हसरे छायाचित्र पोशाखाच्या छातीवर चिकटविण्याची साधी युक्ती योजण्यात आली होती. करोनाच्या काळात भारतासह अनेक ठिकाणी सेवकांनी पोशाखावर आपली नावे शाईने लिहिली किंवा छायाचित्रे लावली. पोशाखाच्या आत माणूस आहे, एवढेच त्यातून सांगावयाचे होते आणि तेवढे पुरेसे ठरत होते.

पिट्सबर्ग येथील तरुणांनी मिळविलेला मान

विश्वास गमावला जातो तसा तो कमावताही येतो. याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. १९६० च्या दशकापर्यंत त्या देशात रुग्णांची ने-आण करण्याचे काम पुष्कळ ठिकाणी अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक करीत असत, कारण आडवे झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. कित्येकदा प्रेत नेणारी व रुग्ण नेणारी गाडी एकच. पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होते. कृष्णवर्णीयांच्या 'हिल' नामक वस्तीत पोलिसांविषयी विश्वास नव्हता आणि तेथे गाडी वेळेवर पोहोचेल याची खात्रीही नसे. गाडीत उपचार तर नव्हतेच.

१९६७ मध्ये त्या वस्तीत 'फ्रीडम हाऊस' या नावाची रुग्णवाहिका सेवा उभी करण्यात आली. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधुनिक पद्धतीचे एक प्रवर्तक डॉ. पीटर सॅफर यांनी तिच्या शिक्षणक्रमाची आखणी केली. निवडलेले तरुण त्याच वस्तीतील होते; अनेक बेकार होते, काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले. हे नोकरीला अपात्र आहेत, असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई, तेच तरुण आता स्वच्छ गणवेशात, उपकरणांची पेटी घेऊन, न गोंधळता घरात येत व रुग्णावर जागच्या जागी उपचार सुरू करीत. पहिल्याच वर्षी पाच हजारांहून अधिक वेळा त्यांना बोलावणे आले. पोलिसांची गाडी नको, हेच लोक पाठवा, असे वस्तीतील लोक सांगू लागले.

या गणवेशाचा परिणाम केवळ रुग्णांवर झाला नाही. इस्पितळात साधा सेवक म्हणून काम करणाऱ्या एका तरुणाने त्या गणवेशातील दोघांना आत्मविश्वासाने वावरताना पाहिले आणि आपणही हेच व्हावयाचे असे ठरविले. तो शिकला, त्या सेवेत दाखल झाला आणि पुढे शहराच्या आपत्कालीन सेवेत साहाय्यक प्रमुखाच्या पदापर्यंत चढला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केल्यावर फ्रीडम हाऊस बंद झाली. तेथील कृष्णवर्णीय सेवकांपैकी अनेकांना नव्या व्यवस्थेत न्याय मिळाला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु त्या सेवेच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी तेथील अनुभवाच्या आधारे लिहिलेले पाठ्यपुस्तक पुढे अनेक देशांतील तंत्रज्ञांनी अभ्यासले. गणवेशाला मान मिळाला तो त्याच्या शिवणीमुळे नव्हे. त्यामागे ३०० तासांचे शिक्षण होते म्हणून. शिक्षणावाचून घातलेला गणवेश म्हणजे लोकांची फसवणूक होय, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

लाल क्रॉस सर्वांचा नव्हे

रुग्णसेवेचे चिन्ह म्हणून आपल्याकडे औषधांची दुकाने, खाजगी दवाखाने, शाळांतील प्रथमोपचार पेट्या व गाड्या यांवर लाल क्रॉस सर्रास रंगविला जातो. हे बेकायदेशीर आहे, याची अनेकांना कल्पना नसते. पांढऱ्या भूमीवरील लाल क्रॉस हे १८६४ च्या जिनीव्हा करारान्वये युद्धभूमीवरील वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठी ठरविलेले चिन्ह आहे. हे चिन्ह धारण करणाऱ्यावर गोळी झाडावयाची नाही, असा त्याचा अर्थ आहे. भारतात १९६० च्या जिनीव्हा करार अधिनियमाने त्याच्या अनधिकृत वापरास मनाई केलेली आहे. वाटेल त्याने ते वापरल्यास युद्धकाळी त्याचा अर्थच नाहीसा होईल. प्रथमोपचार पेटीवर हिरव्या भूमीवर पांढरा क्रॉस काढावा, हा योग्य मार्ग होय.

रुग्णवाहिकांसाठी अमेरिकेत १९७० च्या दशकात निळ्या रंगाचे, सहा भुजांचे चिन्ह तयार करण्यात आले आणि ते आता आपल्याकडील गाड्यांवरही दिसते. मध्यभागी दंडाला वेढलेला सर्प आहे. तो प्राचीन ग्रीकांच्या आरोग्यदेवतेचा दंड. सहा भुजा म्हणजे सेवेच्या सहा पायऱ्या : आपत्ती ओळखणे, खबर देणे, सेवा रवाना होणे, जागेवर उपचार करणे, वाटेत उपचार चालू ठेवणे आणि रुग्णाला योग्य इस्पितळाच्या स्वाधीन करणे.

कोणी काय करावयाचे

या सहांपैकी पहिल्या दोन पायऱ्या गणवेशधारी माणसाच्या नाहीत. त्या ग्रामस्थांच्या आहेत. वाड्याचे नाव, जवळचे देऊळ, कपेल वा शाळा, रस्ता कोठपर्यंत गाडीचा आहे, ही माहिती शांतपणे सांगितली, तर गाडी चुकत नाही. एका माणसाने वळणावर उभे राहावे. रात्र असल्यास हातात विजेरी घ्यावी. गाडी आल्यावर तंत्रज्ञाला जागा द्यावी, काय घडले व रुग्ण कोणती औषधे घेतो हे एकानेच सांगावे आणि सांगितल्याशिवाय रुग्णास उचलू नये. उपचारासाठी गाडी काही मिनिटे जागेवर थांबली तर ती वेळ वाया गेली असे समजू नये.

रस्त्यावरील वाहनधारकांचेही कर्तव्य आहे. रुग्णवाहिकेच्या दर्शनी भागावर अक्षरे उलटी लिहिलेली असतात, ती पुढील वाहनाच्या आरशात सुलटी दिसावीत म्हणून. गाडीत रुग्ण नाही आणि तरीही भोंगा वाजतो आहे, यावरून चालकावर संशय घेतला जातो. परंतु रुग्णाकडे निघालेली गाडी रिकामीच असावयाची आणि त्याच वेळी तिला सर्वाधिक घाई असते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा वाहनास वाट न देणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच दुरुस्तीने अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षणही दिले आहे. तेव्हा पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने कोणी मागे सरू नये.

अधिकाऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. सेवकाकडे गणवेशाचे पुरेसे जोड नसतील, तर रक्ताने माखलेला सदरा तो घरी नेतो व लेकराबाळांच्या कपड्यांबरोबर धुतो. विटलेला, उसवलेला गणवेश पाहून लोक त्या सेवकाची किंमत करतात आणि दोष मात्र त्याचा नसतो. कपडे वेळेवर मिळणे, ते धुण्याची सोय तळावर असणे, नावाची पट्टी वाचता येईल अशी असणे, ही कामे खर्चाच्या मानाने लहान आहेत. सेवकांनीही ध्यानात ठेवावे, की तोंडात गुटखा किंवा पान असलेला, रुग्णाशी एकेरीत बोलणारा माणूस इस्त्रीच्या कपड्यांतही विश्वास मिळवू शकत नाही.

शाळांतून वर्षातून एकदा गाडी व तिच्यातील सेवक मुलांना दाखविण्याची व्यवस्था करता येईल. मुलांनी स्ट्रेचर पाहावे, रक्तदाब मोजून घ्यावा, तंत्रज्ञाचे नाव विचारावे व त्याच्या शिक्षणाविषयी प्रश्न करावेत. ज्या मुलाने दिवसाच्या प्रकाशात त्या माणसाला एकदा जवळून पाहिले आहे, ते मूल रात्री आजोबांच्या छातीत कळ आल्यावर गाडीला भिणार नाही. ते धावत जाऊन दार उघडील आणि आलेल्या माणसाला आजोबा कोठे निजले आहेत ते दाखवील.